बिझनेस गेममध्ये कमाई मधेच अडकते: अपग्रेड कुठलं आधी, कुठलं नंतर

कुकी क्लिकर असो, ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट असो की खाणीचा आयडल मायनर टायकून, तक्रार सगळीकडून सारखीच येते. पहिला तासभर आकडे नुसते पळतात, मग एका जागी येऊन बसतात आणि काहीही विकत घेतलं तरी हलत नाहीत. चवथीच्या सुट्टीत आणि पावसाळ्यात अशा तक्रारी वाढतात, कारण तेव्हा घरी बसून खेळणारे जास्त. बहुतेक वेळा दोष गेममध्ये नसतो. खरेदी किंमत बघून केलेली असते, वसुली (घातलेले पैसे किती वेळात परत येतात ते) बघून नाही. तरीही थेट वसुलीच्या गणितावर उडी मारू नका. आधीच्या तपासण्यांना काही खर्च नाही आणि अर्धे लोक तिथेच सुटतात.

लक्षणं

- पैसे जमतात, पण पुढचा धंदा परवडायला मागच्यापेक्षा कितीतरी पट वेळ लागतो.
- एकाच धंद्याचे नग वाढवत नेले, तरी सेकंदाची कमाई जेमतेम सरकते.
- महागडं अपग्रेड घेतलं आणि आकडा होता तिथेच.
- रात्री गेम बंद केला, सकाळी उघडला, गल्ला तेवढाच.
- खाणीच्या किंवा कारखान्याच्या गेममध्ये एका टोकाला माल साठतो आणि दुसऱ्या टोकाची माणसं रिकामी उभी.
- रीसेट केल्यावर (कायमच्या बोनससाठी सगळं पहिल्यापासून सुरू केल्यावर) वेग आधीपेक्षाही कमी.

शेवटचं लक्षण असेल तर खालचा रीसेटचा भाग आधी वाचा. बाकीच्यांनी क्रमानेच जावं.

सगळ्यात आधी सेव्हची प्रत

कुकी क्लिकरची वेब आवृत्ती सगळी प्रगती ब्राउझरमध्येच ठेवते. ब्राउझरचा डेटा साफ केला की बेकरी गेली. ऑप्शन्समध्ये जाऊन एक्सपोर्ट सेव्ह दाबा, जो लांबलचक मजकूर येतो तो कॉपी करून स्वतःलाच मेल करा. मोबाइलवरच्या गेममध्ये क्लाउड सेव्ह असेल तर ते चालू आहे ना, एवढं बघा. पुढे काही चुकलं तर परत यायला जागा हवी, म्हणून हे पहिलं.

तपासणी १: आकडा नीट वाचताय ना

मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. दर पायरीला हजार पट. आपली सवय लाख-कोटीची, म्हणजे शंभर-शंभर पटींची. त्यामुळे ९०० मिलियन आणि १.२ बिलियन यांतला फरक डोळ्याला उगाच मोठा दिसतो आणि ९ बिलियन ते १ ट्रिलियन हे अंतर फारच छोटं वाटतं. प्रत्यक्षात पहिली उडी सव्वापटीहून थोडी जास्त आहे, दुसरी शंभर पटींच्या वर.

दुसरं असं, की बऱ्याच गेममध्ये धंद्यासमोर लिहिलेली कमाई एका फेरीची असते, सेकंदाची नाही. ॲडव्हेंचर कॅपिटलिस्टमध्ये सुरुवातीला सुंगटांची (कोळंबीची) बोट एका फेरीला ६,२२,०८० देते आणि डोनटचं दुकान ५१,८४०. बोट बारा पट भारी वाटते. पण बोटीची फेरी ९६ सेकंदांची आणि दुकानाची २४. सेकंदाला काढलं तर ६,४८० विरुद्ध २,१६०, म्हणजे फक्त तिप्पट, आणि किंमत मात्र बारा पट. (गेममधल्या बोटीला गोव्यासारखी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी नसते, एवढाच काय तो फायदा.)

तिसरी गोष्ट खरेदीचं बटण. ते मॅक्सवर अडकलेलं असलं, की एका टचमध्ये सगळा गल्ला एकाच धंद्यात जातो. ×१ वर आणा.

तपासणी २: धंदा तुमच्याशिवाय चालतो का

ॲडव्हेंचर कॅपिटलिस्टमध्ये मॅनेजर नसलेला धंदा प्रत्येक फेरीला हाताने दाबावा लागतो. गेम बंद केला की तो बंद. लिंबू सरबताचा मॅनेजर १,००० ला मिळतो, वर्तमानपत्राचा १५,००० ला, कार वॉशचा १ लाखाला. मॅनेजर घेतल्याने फेरीची कमाई वाढत नाही, म्हणून लोक तो पुढे ढकलतात आणि सकाळी रिकामा गल्ला बघतात. झोपायच्या आधी, किंवा वाळपईहून पणजीच्या कदंब बसमध्ये बसायच्या आधी, हातातले पैसे आधी मॅनेजरवर.

कुकी क्लिकरचा नियम वेगळा. पहिलं रीसेट होऊन ‘स्वर्गातली’, म्हणजे रीसेटच्या बदल्यात मिळणारी, पहिली अपग्रेडं मिळेपर्यंत बंद गेममध्ये काहीच बनत नाही. नंतरसुद्धा सुरुवातीचं अपग्रेड बंद काळात फक्त एक तासापुरतं ५ टक्के उत्पादन देतं. तेव्हा टॅब उघडा ठेवणं हाच उपाय. लाईट गेली आणि कॉम्प्युटर बंद झाला तर तेवढा वेळ वाया, त्याला इलाज नाही.

तपासणी ३: माल कुठे साठतोय

ही तपासणी फक्त साखळीच्या गेमना लागू, म्हणजे जिथे माल एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आयडल मायनर टायकूनमध्ये खाणीतून माल निघतो, लिफ्ट तो वर आणते, गोदामाची माणसं तो नेऊन पैसे करतात. सेकंदाची कमाई या तिघांतल्या सगळ्यात हळू असलेल्यावर ठरते.

गोव्यात डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. खाणीवर कितीही खनिज काढलं आणि जेटीपर्यंत ट्रकांची रांग लावली, तरी बार्ज (नदीतून खनिज नेणाऱ्या बोटी) अपुरे असले तर मुरगाव बंदरात जहाज रिकामंच उभं राहणार. अशा वेळी आणखी एक एक्स्कॅव्हेटर आणणं म्हणजे जेटीवरचा ढीग वाढवणं.

दोन मिनिटं काहीही न दाबता स्क्रीन बघा. खाणींच्या तोंडाशी ढीग वाढत असेल तर लिफ्ट अपग्रेड करा. लिफ्टच्या वरच्या टोकाला वाढत असेल तर गोदाम. कुठेच ढीग नाही आणि लिफ्ट अर्धवट भरून येतेय, तरच खाणीवर खर्च. दर मोठ्या खरेदीनंतर हे पुन्हा बघायचं, कारण एक अडथळा काढला की तो दुसरीकडे सरकतो. खाणी १० लेव्हल वर आणि लिफ्ट जुनीच, ही या गेममधली सगळ्यात नेहमीची चूक आहे. नवीन खाण उघडताना दिसायला छान दिसतं, लिफ्टचं अपग्रेड दिसत नाही.

तपासणी ४: वसुलीचा वेळ, आणि त्यात थांबण्याचा वेळ

खरं काम इथे आहे. कागद घ्या.

वसुली = किंमत ÷ त्या खरेदीने वाढणारी सेकंदाची कमाई. उत्तर सेकंदांत येतं. ॲडव्हेंचर कॅपिटलिस्टमधल्या पहिल्या नगाची वसुली काढली तर वर्तमानपत्र ३ सेकंद, कार वॉश ८, पिझ्झा २४, डोनट ४८, सुंगटांची बोट १९२, हॉकीचा संघ ७६८. प्रत्येक नवा धंदा मोठा, पण पैसे परत यायला जास्त वेळ. म्हणून पुढचा धंदा परवडला की घ्यायचा, हा नियम चुकतो. तो नवा दिसतो, म्हणून घ्यावासा वाटतो.

नुसती वसुली बघूनही भागत नाही. पैसे हातात नसतील तर ते जमेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या वेळात दुसरं काही घेता आलं असतं. म्हणून:

एकूण वेळ = (किंमत − हातातले पैसे) ÷ सध्याची सेकंदाची कमाई + वसुली

ज्याचा एकूण वेळ कमी, ते आधी. पैसे पुरेसे असतील तर पहिला भाग शून्य धरायचा.

कुकी क्लिकरमध्ये उदाहरण घेऊ. तिथे पैशांच्या जागी कुकी असतात, आणि आजी, शेत या त्या बनवणाऱ्या ‘इमारती’. आजीची पहिली किंमत १००, ती सेकंदाला १ कुकी देते. शेताची १,१००, ते ८ देतं. प्रत्येक खरेदीनंतर त्या इमारतीची किंमत १.१५ पट होते. समजा ५ आज्या आहेत, एकूण कमाई सेकंदाला १०, हातात काही नाही. सहाव्या आजीची किंमत सुमारे २०१. थांबणं २०, वसुली २०१, एकूण २२१ सेकंद. पहिलं शेत: थांबणं ११०, वसुली १३७, एकूण २४७. आजी घ्या.

आता कमाई ११ झाली. सातवी आजी सुमारे २३१: थांबणं २१, वसुली २३१, एकूण २५२. शेत: थांबणं १००, वसुली १३७, एकूण २३७. आता शेत. एका खरेदीने उत्तर उलटलं. एकच इमारत पंचवीसदा दाबत जाणाऱ्यांचा वेग इथेच जातो. दर खरेदीला हिशोब नको, पण दर पाच-सहा खरेदींना तरी हवा.

हे सूत्र नेहमीच सगळ्यात चांगला रस्ता देतं, असं नाही. बऱ्यापैकी जवळ नेतं, एवढं पुरे.

तपासणी ५: अपग्रेड कशाला दुप्पट करतंय

दुप्पट करणारं अपग्रेड ऐकायला मोठं वाटतं. पण जो धंदा एकूण कमाईत ३ टक्के देतो, तो दुप्पट झाला तर एकूण कमाई ३ टक्के वाढते. वाढणारी कमाई म्हणजे त्या धंद्याची आजची कमाई, हे धरून वरच्याच सूत्रात घाला.

कुकी क्लिकरमधलं आजीचं पहिलं अपग्रेड १,००० चं आहे आणि आज्यांची कमाई दुप्पट करतं. एकच आजी असेल तर वसुली १,००० सेकंद, अजिबात घेऊ नका. दहा आज्या असतील तर १०० सेकंद. त्याच वेळी अकरावी आजी सुमारे ४०५ ला पडते आणि तिची वसुली ४०५ सेकंद. तिथे अपग्रेड चारपट सरस. शेताचं पहिलं अपग्रेड ११,००० चं. एका शेतावर १,३७५ सेकंद, दहा शेतांवर १३७. घाई आणि आळस दोन्ही महाग पडतात.

तपासणी ६: टप्पा जवळ आहे का

सूत्र पाळूनही अडकलेले लोक बहुधा इथे सापडतात. एकेका नगाचा हिशोब टप्पा ओळखत नाही.

ॲडव्हेंचर कॅपिटलिस्टमध्ये धंद्याचे २५, ५०, १००, २००, ३०० आणि ४०० नग झाले की वेग दुप्पट होतो. समजा वर्तमानपत्राचे २० नग आहेत. एकविसाव्याची किंमत सुमारे ९८२, त्याने वाढते सेकंदाला २०, वसुली ४९ सेकंद. पिझ्झाची पहिली वसुली २४. सूत्र सांगेल पिझ्झा घ्या.

आता २१ ते २५ हे पाचही नग एक खरेदी समजा. एकूण खर्च सुमारे ६,६२१. आधी सेकंदाला ४०० मिळत होते. २५ नगांवर वेग दुप्पट होऊन १,००० मिळतील. वाढ ६००, वसुली ११ सेकंद. पिझ्झाच्या निम्म्याहून कमी, आणि रक्कमही त्याच्यापेक्षा लहान.

म्हणून टप्प्यापासून दहा नगांच्या आत असाल तर टप्प्यापर्यंतची सगळी खरेदी एक समजून हिशोब करा. त्यासाठी हे आकडे जवळ ठेवा. किंमत १.१५ पटीने वाढत असेल, तर पुढचे ५ नग आजच्या किमतीच्या ६.७ पट, १० नग २०.३ पट, २५ नग सुमारे २१३ पट. वाढ १.०७ पटीने असेल, तर १० नग १३.८ पट आणि २५ नग ६३ पट.

त्यातूनच आणखी एक गोष्ट निघते. या गेममध्ये प्रत्येक धंद्याचा वाढीचा दर वेगळा आहे: लिंबू सरबत १.०७, वर्तमानपत्र १.१५, कार वॉश १.१४, मग प्रत्येकी ०.०१ ने उतरत बँक १.०८ आणि तेल कंपनी पुन्हा १.०७. वर्तमानपत्राची किंमत दर ५ नगांना दुप्पट होते, सरबताची दर १० नगांना. सुरुवातीला वर्तमानपत्र पळतं आणि पुढे तेच सगळ्यात आधी थकतं. मध्यावर येऊनही त्यात पैसे घालत राहिलात तर अडकणारच. सरबताकडे मात्र उशिरासुद्धा परत जावं. पोरखेळ वाटणारा हा धंदा टप्पे स्वस्तात गाठतो.

शिवाय सगळे धंदे २५ वर पोचले की सगळ्यांचाच वेग वाढतो. एखादा मागे राहिलेला धंदा स्वतःच्या कमाईसाठी नाही, तर यासाठी २५ वर न्यावा लागतो. अनलॉकच्या पानावर पुढचा टप्पा दिसतो, तिथे बघायची सवय लावा.

तपासणी ७: गल्ला रिकामा ठेवताय का

हे कुकी क्लिकरपुरतंच. अधूनमधून स्क्रीनवर येणाऱ्या सोनेरी कुकीतून मिळणारं लकी बक्षीस शिल्लक कुकींच्या १५ टक्के किंवा ९०० सेकंदांचं उत्पादन, यांतलं जे कमी ते देतं. म्हणजे पूर्ण बक्षीस हवं तर शिल्लक सेकंदाच्या उत्पादनाच्या ६,००० पट हवी. सगळं खर्चून टाकणाऱ्याला बक्षीस जवळजवळ शून्य. सोनेरी कुकी टिपत बसणारे असाल तर एवढी शिल्लक ठेवून वरच्या पैशांत खरेदी करा. गेम बाजूला ठेवून काम करणारे असाल तर हा नियम विसरा, सगळं गुंतवा.

तपासणी ८: तक्ता मांडा

इथपर्यंत येऊनही सुटलं नाही तर अर्धा तास काढून स्प्रेडशीट करा. रकाने सात: नाव, नग, पुढची किंमत, वाढणारी कमाई, थांबण्याचा वेळ, वसुली, एकूण. पुढची किंमत = पहिली किंमत × वाढीच्या दराचा (१.१५ वगैरे) नगांइतका घात. शेवटच्या रकान्यावर चढत्या क्रमाने लावा आणि वरची ओळ घ्या. टप्प्यांसाठी वेगळ्या ओळी घाला, ‘वर्तमानपत्र २५ पर्यंत’ अशा. अपग्रेडंही याच यादीत, वेगळ्या यादीत नाहीत. दोन याद्या केल्या की त्यांची तुलना होतच नाही.

सगळ्या ओळींची वसुली तासांत गेली असेल, तर खरेदीचा क्रम बदलून फार फरक पडणार नाही. गेमने तिथे मुद्दाम भिंत घातली आहे. पुढचा रस्ता रीसेट.

तपासणी ९: रीसेट

सगळ्यात शेवटी, कारण सेव्हची प्रत नसेल तर हे परत फिरवता येत नाही. नग, पैसे, पैशांनी घेतलेली अपग्रेडं, सगळं जातं. ॲडव्हेंचर कॅपिटलिस्टमध्ये मॅनेजरसुद्धा.

तिथे रीसेटच्या बदल्यात मिळणारा प्रत्येक एंजल गुंतवणूकदार नफ्यावर २ टक्के देतो. हातात १०० एंजल म्हणजे तिप्पट नफा. आणखी १० साठी रीसेट केलं तर ३ पटीचं ३.२ पट, म्हणजे ७ टक्क्यांच्या आत वाढ, आणि त्यासाठी सगळं पहिल्यापासून. आणखी १०० साठी केलं तर ५ पट. नियम साधा: वाट बघणारे एंजल हातातल्या एंजलइतके झाल्याशिवाय हात लावायचा नाही. एंजलची संख्या एकूण कमाईच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून दुप्पट एंजलसाठी चौपट कमाई लागते. एंजल खर्चून मिळणारी अपग्रेडंही जपून. खर्चलेला एंजल आपले २ टक्के घेऊन जातो.

कुकी क्लिकरमध्ये रीसेटवर मिळणारी प्रत्येक प्रेस्टीज लेव्हल १ टक्का देते आणि त्या घनमुळाने वाढतात. १०० लेव्हलला १०० चा घन, म्हणजे १० लाख ट्रिलियन कुकी लागतात, २०० ला त्याच्या आठपट.

‘रीसेटनंतर बोनस लागलाच नाही’ ही तक्रारही इथलीच. प्रेस्टीजचा बोनस आपोआप पूर्ण लागत नाही. आधी स्वर्गातलं लेगसी अपग्रेड, मग खाली आल्यावर हेवनली चिप सीक्रेट हे ११ कुकींचं अपग्रेड घ्यावं लागतं, तेव्हा ५ टक्के भाग उघडतो. पुढची अपग्रेडं २५, ५०, ७५ आणि १०० टक्के उघडतात. ही आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

इथे थांबा

सेव्ह उघडतच नसेल किंवा प्रगती मागे गेली असेल, तर गेम पुन्हा इन्स्टॉल करू नका. त्याने उरलेलं सेव्हही जाऊ शकतं. सेटिंग्जमधला प्लेअर आयडी आणि खरेदीची पावती घेऊन गेमच्या सपोर्टला लिहा. अमर्याद पैशांची मॉड फाइल देणाऱ्या साइटवर जाऊ नका. फोनची तारीख पुढे सरकवण्याची युक्तीही नको, काही गेम त्यावर खातं अडवतात.

हिऱ्यांसाठी (गेममधल्या खास चलनासाठी) खरे पैसे मागणाऱ्या पॉप-अपवरही हेच सूत्र लावा. दुप्पट कमाई चार तासांसाठी विकत घेतली तर भिंत तुटत नाही, चार तास पुढे सरकते. मुलांच्या हातात फोन असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीसाठी पडताळणी चालू करा. चुकून खरेदी झाली असेल तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याची विनंती करा.

‘इथे कमावलेले पैसे खात्यात काढा, आधी थोडे भरा’ असं सांगणारं ॲप बिझनेस सिम्युलेशन नव्हे. त्यात अपग्रेडचं गणित शोधण्यात अर्थ नाही. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येऊ शकते.

आणि झोप, अभ्यास किंवा नोकरी गेममुळे सुटायला लागली असेल, घरच्यांपासून खर्च लपवला जात असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. समोरासमोर बोलायचं असेल तर गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही मानसोपचार संस्था आहे. जाताना गेल्या काही महिन्यांतल्या गेमवरच्या खर्चाची नोंद आणि फोनमधला स्क्रीन टाइमचा आकडा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाजावर विसंबावं लागत नाही.